भट्टीच्या ८५० अंशांच्या धुरातून ऑक्साइड थर्मोइलेक्ट्रिक प्लेटने वीज मिळवता येईल का?

मकरपुरा_भट्टी (प्रश्न)

नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा जी.आय.डी.सी.त आमचा हीट ट्रीटमेंटचा छोटा कारखाना आहे. नैसर्गिक वायूवर चालणारी, २०० किलोवॅट बर्नरची एक बोगी भट्टी (चाकांच्या गाड्यावरून माल आत सरकवायची भट्टी) आहे आणि शाफ्ट व गिअर ब्लँकच्या नॉर्मलायझिंगसाठी तिचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. धुराड्याच्या तळाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) लावून पाहिले असता, भट्टी भरात असताना धूर साधारण ८५० अंशांवर बाहेर पडतो असे दिसते. एवढी उष्णता वाया जाताना रोज डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे तिचे काही करता येईल का, हा विचार बरेच दिवस मनात आहे.

अलीकडे एका विक्रेत्याने ऑक्साइडच्या थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेतून थेट वीज देणाऱ्या, प्लेटची माहिती दिली. ४० मिलिमीटर बाय ४० मिलिमीटरची एक प्लेट धुराड्याच्या आतल्या बाजूला बसवायची, तिची दुसरी बाजू पाण्याने थंड ठेवायची आणि प्रत्येक प्लेटमागे १५ वॅट वीज मिळवायची, असा त्यांचा दावा आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या प्लेट उघड्या हवेत ८०० अंशांपर्यंत टिकतात आणि त्यात हलणारा एकही भाग नसल्याने देखभालीचा प्रश्नच उरत नाही. शेडमधले एलईडी दिवे तरी त्यावर चालावेत, इतकीच माझी अपेक्षा आहे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. भट्टी, बर्नर, ब्लोअर मला कळतात, पण पदार्थविज्ञान फारसे कळत नाही. छोट्या फ्रीजमध्ये ज्या पांढऱ्या चौकोनी प्लेट असतात त्यांच्यात आणि या ऑक्साइडच्या प्लेटमध्ये नेमका फरक काय, १५ वॅटचा आकडा विश्वासार्ह आहे का, आणि माझ्यासारख्याने यात पैसे घालावेत का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कलाभवन_निवृत्त

तत्त्व आपल्या हातात रोज असते. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडाचे एक टोक तापवले की दुसऱ्या टोकाशी विद्युतदाब मिळतो, हे सीबेकने १८२१ साली दाखवले आणि आपले के-टाइप थर्मोकपल त्यावरच चालते. फक्त त्या जोडीतून दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच मिळत असल्यामुळे ती मोजमापापुरती उपयोगाची आहे. वीज काढायची असेल तर पदार्थाचा सीबेक गुणांक मोठा हवा, विद्युतवाहकता चांगली हवी आणि उष्णतावाहकता मात्र कमी हवी. या तिन्हींचा एकत्रित हिशेब म्हणजे झेडटी: सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले केल्विनमधील तापमान, भागिले उष्णतावाहकता. अडचण अशी की विद्युतवाहकता वाढवायला गेले की इलेक्ट्रॉन आपल्याबरोबर उष्णताही वाहून नेतात आणि सीबेक गुणांक घसरतो; त्यामुळे या क्षेत्रातले बहुतेक संशोधन म्हणजे या तीन गोष्टींची एकमेकींपासून फारकत करण्याचा खटाटोप आहे.

फ्रीजमधल्या प्लेट बिस्मथ टेल्युराइडच्या असतात. नेहमीच्या तापमानाला त्याचा झेडटी १ च्या आसपास असतो, पण तयार मिळणाऱ्या प्लेटची तापलेली बाजू साधारण २५० अंशांच्या वर नेता येत नाही, कारण आतले सोल्डर वितळू लागते आणि हवेत टेल्युराइडचे ऑक्सिडीकरण सुरू होते. लेड टेल्युराइड आणखी वर जाते, सिलिकॉन-जर्मेनियम तर १००० अंशांपर्यंत जाते आणि १९७७ साली निघालेली व्हॉयेजर ही अवकाशयाने त्याच्याच आधारावर वीज मिळवत आली आहेत. परंतु अवकाशात हवा नाही, आपल्या धुराड्यात आहे. ऑक्साइडची सगळी मातब्बरी इथेच आहे. जो पदार्थ आधीच ऑक्सिजनशी जोडला गेलेला आहे, त्याला हवेचे भय वाटण्याचे कारण उरत नाही, आणि टेल्युरियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्यही त्यात लागत नाही.

ऑक्साइड म्हणजे विजेला अटकाव करणारी चिनी माती, असा समज फार काळ होता. १९९७ साली जपानमध्ये तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम कोबाल्टेटमध्ये धातूसारखी वाहकता आणि नेहमीच्या तापमानाला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन इतका सीबेक गुणांक एकत्र असल्याचे दाखवले आणि तो समज मागे पडला. सोडियम कोबाल्टेट ओलाव्याने बिघडतो, सोडियम उच्च तापमानाला उडून जातो. म्हणून पुढे लक्ष कॅल्शिअम कोबाल्टेटकडे वळले. तीन कॅल्शिअम, चार कोबाल्ट, नऊ ऑक्सिजन अशी त्याची घडण असल्यामुळे प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘३४९’ म्हणतात. त्याच्या स्फटिकात कोबाल्ट ऑक्साइडचा एक थर आणि कॅल्शिअम-कोबाल्ट ऑक्साइडचा दुसरा थर आलटून पालटून येतो. पहिला थर वीज वाहतो. दुसऱ्याची जाळी एका दिशेने पहिल्याशी जुळत नाही आणि या बेबनावामुळे उष्णतेच्या लहरी विखुरल्या जातात. निसर्गाने वीज आणि उष्णता यांच्या वाटा इथे आपणहून वेगळ्या केल्या आहेत, हे मला आजही विलक्षण वाटते.

सीबेक गुणांक इतका मोठा का, याचे उत्तर २००० साली कोशिबाए, त्सुत्सुई आणि माएकावा यांनी दिले. तीन आणि चार संयुजेच्या कोबाल्ट आयनांमध्ये इलेक्ट्रॉनांना आपले स्पिन व ऑर्बिटल मांडण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांची संख्या सारखी नसते. लो-स्पिन अवस्थेत, म्हणजे इलेक्ट्रॉन शक्य तितके जोडीने बसलेले असताना, एकाला एकच मांडणी मिळते, दुसऱ्याला सहा. त्यामुळे विद्युतभार एका आयनावरून दुसऱ्यावर सरकताना आपल्याबरोबर एन्ट्रॉपीही (मांडणीच्या शक्यतांचे माप) नेतो आणि दोन्ही आयन समप्रमाणात असतील तर केवळ या एका कारणाने सुमारे १५४ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन मिळतात.

आता आपल्या कामाचे आकडे. ३४९ हवेत साधारण ९२५ अंशांपर्यंत टिकतो, त्यानंतर त्याचे विघटन होते. तो पी-प्रकारचा (धन भारांनी वीज वाहणारा) पदार्थ आहे आणि जोडी लावायला एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) ऑक्साइड लागतो. तिथे मात्र अजून त्याच्या तोडीचा जोडीदार सापडलेला नाही. अॅल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचा झेडटी १००० अंशांना ०.३ मिळाल्याचे ओहताकी यांनी १९९६ मध्ये दाखवले, पण त्याची उष्णतावाहकता फार जास्त आहे. निओबिअम घातलेले स्ट्रॉन्शिअम टायटनेट आकड्यांत चांगले दिसते, पण ते ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वातावरणात बनवावे लागते आणि तापलेल्या हवेत ठेवले की हळूहळू ऑक्सिजन परत घेऊन वाहकता गमावते. म्हणून व्यवहारात कॅल्शिअम मँगनेटवर भागवतात. दोघांचा सरासरी झेडटी ०.२ धरला, तापलेली बाजू ८०० अंश व थंड बाजू १०० अंश ठेवता आली, तर पदार्थाची आदर्श कार्यक्षमता ४.३ टक्के येते. याच तापमानांना झेडटी १ असता तर ती १५ टक्के आली असती. विक्रेत्याचा आकडा या दोहोंपैकी कोणत्या हिशेबावर बेतला आहे, हे त्यांनाच विचारावे.

अलकापुरी_ऊर्जा_ऑडिट

सरांनी पदार्थाची बाजू मांडली आहे. मी त्यात उष्णतेच्या वाटेची भर घालते, कारण कारखान्यांच्या तपासणीत मला वारंवार दिसते की माणसे धुराचे तापमान पाहतात आणि तेच प्लेटचेही तापमान असेल असे गृहीत धरतात.

धूर ८५० अंशांचा आणि थंड पाणी ६० अंशांचे असेल तर एकूण फरक ७९० अंशांचा आहे. हा सगळा फरक प्लेटच्या वाट्याला येत नाही. वायूपासून घन पृष्ठभागाकडे उष्णता फार अनिच्छेने जाते. साध्या सपाट पृष्ठभागावर, अभिसरण व प्रारण दोन्ही मिळून, दर चौरस मीटरला दर अंशामागे ८० वॅट धरू. प्लेटमधले ऑक्साइडचे पाय (दोन बाजूंमध्ये उभे असलेले छोटे ठोकळे) ५ मिलिमीटर उंच, त्यांनी निम्मी जागा व्यापलेली आणि त्यांची उष्णतावाहकता २.५ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर वायूच्या बाजूचा अडथळा प्लेटच्या अडथळ्याच्या तिप्पट भरतो. पाण्याच्या बाजूचा लहानसा अडथळा धरून हिशेब केला, की ७९० पैकी जेमतेम १८० अंशांचा फरक प्लेटच्या दोन बाजूंमध्ये उरतो आणि तिची तापलेली बाजू २९० अंशांच्या आसपास थांबते. म्हणजे ८०० अंश सोसणारा पदार्थ घेऊन त्याला २९० वर बसवून ठेवल्यासारखे झाले. त्या तापमानाला ३४९ चा झेडटीही कमी असतो. अशा प्लेटमधून अर्ध्या वॅटच्या आसपास वीज निघेल.

वायूच्या बाजूला उष्णतारोधी पोलादाचे पंख बसवून तिथली देवघेव चौपट केली, तर चित्र पालटते. तेव्हा तापलेली बाजू ५५० अंशांच्या आसपास जाते, प्लेटमधला फरक ३९० अंशांचा होतो आणि एका प्लेटमधून सुमारे १५५ वॅट उष्णता वाहते. आदर्श कार्यक्षमता दोन टक्के धरली तर तीन वॅट, आणि जोडांमधली गळती वजा जाता दीड ते दोन वॅट. विक्रेत्याचे १५ वॅट यायचे तर याच प्लेटची कार्यक्षमता दहा टक्क्यांजवळ हवी, जी आज हाती असलेल्या ऑक्साइडच्या जोड्यांना झेपणारी नाही. शिवाय धुराड्यात पंख घातले की ड्राफ्ट (धूर वर ओढला जाण्याचा जोर) कमी होतो आणि बोगीवरून उडणारी स्केलची (पोलादावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची) भुकटी त्या पंखांत साचते. भट्टीतला दाब वाढून दाराच्या फटींतून ज्वाला बाहेर येऊ लागली, तर वाचवलेल्यापेक्षा गमावलेले जास्त होईल. ‘देखभाल नाही’ हे वाक्य म्हणूनच मला खटकले. प्लेटला देखभाल नसेलही, तिच्याभोवतीच्या प्रत्येक वस्तूला आहे, आणि पाणी फिरवणारा छोटा पंपही चाळीस-पन्नास वॅट सहज खातो.

आता जे आपण विचारले नाही तेही सांगते. ८५० अंशांवर धूर सोडणाऱ्या भट्टीत इंधनाची निम्म्याच्या जवळपास उष्णता धुराड्यातून जाते. तिच्यावरचा पहिला हक्क रिक्युपरेटरचा, म्हणजे धुराच्या उष्णतेने ज्वलनाची हवा तापवणाऱ्या उपकरणाचा, आहे. ज्वलनाची हवा दर २०-२२ अंशांनी तापवली की इंधन साधारण एक टक्क्याने वाचते, असा आमच्या क्षेत्रातला ठोकताळा आहे. हवा ३५० ते ४०० अंशांपर्यंत नेली तर १५ टक्क्यांच्या पुढे बचत होते. आपल्या बर्नरवर ती ३० किलोवॅटची झाली. याउलट शंभर प्लेट लावूनही २०० वॅटच हाती येतील. वायूचे बिल आणि दिव्यांचे बिल शेजारी ठेवून पाहिलेत, तर निर्णय करायला माझी गरज लागणार नाही. मात्र रिक्युपरेटर बसवताना बर्नर आणि ब्लोअरनंतरची पाइप तापलेली हवा सोसणारी आहे का, हे बर्नर बनवणाऱ्यांकडून लेखी घ्यावे, आणि हवा-वायूचे प्रमाण पुन्हा बसवून घ्यावे.

मकरपुरा_भट्टी

सर आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. दिव्यांचा विचार मी सोडून दिला आहे आणि रिक्युपरेटरसाठी कोटेशन मागवतो आहे.

तरीही एक गोष्ट विचारावीशी वाटते. धुराड्याच्या वरच्या टप्प्यावर तापमान आणि ऑक्सिजन मोजणारी उपकरणे लावली, की तिथपर्यंत नेलेली वायर दर काही महिन्यांनी होरपळते आणि इलेक्ट्रिशियन वर चढायला कुरकुरतो. कामाच्या दिवसांत क्वेंच टाकीसाठी (तापलेला माल बुडवून गार करण्याची टाकी) कूलिंग टॉवर चालूच असतो, त्यामुळे पाण्यासाठी वेगळा पंप लागणार नाही. नुसता वायरलेस ट्रान्समीटर चालवण्यापुरत्या दोन-चार प्लेट लावल्या तर त्या टिकतील का? भट्टी आमच्याकडे आठवड्यातून अनेकदा गार होते आणि पुन्हा तापते, हे लक्षात घेऊन सांगावे.

सिरॅमिक_संशोधक

मी बडोद्यातच ऑक्साइडच्या नमुन्यांवर संशोधन करते, म्हणून टिकण्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. काका, आपल्या प्रश्नातला ‘गार होते आणि पुन्हा तापते’ हा भागच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

३४९ बनवणे अवघड नाही. कॅल्शिअम कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड प्रमाणात घेऊन खलबत्त्यात किंवा बॉल मिलमध्ये एकजीव करायचे, ९०० अंशांच्या जवळ हवेत भाजायचे, पुन्हा दळायचे, डायमध्ये दाबून गोळी करायची आणि पुन्हा भाजायचे. (कोबाल्टची पूड श्वासावाटे जाणे घातक असल्याने मास्क आणि फ्यूम हूड यांना पर्याय नाही.) खरी पंचाईत पुढे आहे. नेहमीच्या सिरॅमिकला घट्ट करायचे तर आच वाढवतात. इथे ९२५ च्या पुढे गेलो की पदार्थच मोडतो, त्यामुळे साध्या भट्टीतून निघालेली गोळी सच्छिद्र राहते. काळी, मऊसर, नखाने खरवडली तर बोटाला काजळी लागावी अशी. तिचे कण पोह्यांसारखे चपटे असतात आणि वीज त्यांच्या पातळीतूनच चांगली वाहते. तापवतानाच दाब दिला, म्हणजे हॉट प्रेस किंवा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग केले, तर हे कण एकावर एक आडवे बसतात, गोळी घट्ट होते आणि रोध बराच उतरतो. मात्र त्या दाबाच्या दिशेला आडवे असे पाय कापून घ्यावे लागतात. दाबाच्या दिशेने कापले तर सगळी मेहनत वाया जाते. विक्रेत्याने पाय कसे बनवले आहेत, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत दुबळी जागा म्हणजे जोड. ८०० अंशांना सोल्डर चालत नाही. तांबे व निकेल हवेत गंजतात. राहते चांदी, जी ९६२ अंशांना वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून सरकू लागते. चांदीच्या पेस्टमध्ये त्याच ऑक्साइडची थोडी पूड मिसळली तर पकड सुधारते आणि संपर्करोध कमी होतो, हे जपानमधल्या गटांनी दाखवले आहे आणि प्रयोगशाळेत आम्हीही तेच करतो. पाय लहान असल्यामुळे संपर्करोधाचा वाटा मोठा असतो. पदार्थाच्या मोजमापावरून काढलेली वीज आणि प्रत्यक्ष प्लेटमधून मिळालेली वीज यांत निम्म्याचा फरक पडला, तर आम्हाला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

त्यात भर म्हणजे कोबाल्टेट, मँगनेट, चांदी आणि अॅल्युमिनाची पाटी हे चारही तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. एकदा तापवून तसेच ठेवले तर जोड बराच काळ टिकतो. रोज गार-गरम केले की ताण दर वेळी जोडाच्या कडेवर येतो, तिथे केसासारखी चीर पडते, रोध चढतो आणि सगळे पाय एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे एक पाय सुटला की अख्खी प्लेट निकामी होते. म्हणून चांगल्या बनावटीत एक बाजू घट्ट जोडत नाहीत, स्प्रिंगच्या दाबाने नुसती टेकवतात. आपल्या भट्टीत आच चढण्याचा वेग ठरलेला असेल तर उत्तम. थंड धुराड्यात एकदम पूर्ण ज्वाला सोडणे या प्लेटला मानवणार नाही.

ट्रान्समीटरसाठी मात्र हा विचार मला योग्य वाटतो. त्याला सरासरी काही मिलिवॅट लागतात, त्यामुळे पंख न लावताही एक प्लेट पुरून उरेल आणि एखादा पाय कमजोर झाला तरी काम अडणार नाही. ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनियाचा प्रोब वेगळा धरावा, कारण त्याच्या हीटरला कित्येक वॅट लागतात.

अलकापुरी_ऊर्जा_ऑडिट

वरच्या टप्प्यावरचा धूर रिक्युपरेटर बसल्यानंतर ८५० वर राहणार नाही, बराच खाली येईल, हे विसरू नये. पंख नसलेल्या प्लेटची तापलेली बाजू तेव्हा २५० अंशांच्याही खाली राहिली, तर कमी तापमानाला जास्त झेडटी असलेली आणि बाजारात सहज मिळणारी बिस्मथ टेल्युराइडची प्लेटच तिथे स्वस्तात काम करील. पण त्या प्लेटला पाणी बंद पडणे अजिबात सोसणार नाही, कारण थंड बाजूचे पाणी थांबले की तिची तापलेली बाजू धुराच्या तापमानाकडे सरकते. टॉवरचा पंप रविवारी बंद आणि भट्टी चालू, असे कधी होत असेल तर ऑक्साइडसाठी जास्त पैसे मोजण्याला तेवढे एक कारण आहे.

कलाभवन_निवृत्त

ताईंचे म्हणणे रास्त आहे, आणि धुराड्यात ऑक्साइडला खरी संधी असेल तर ती अशा बेभरवशाच्या जागी. विकत घेण्यापूर्वी एक चाचणी आपल्या शॉपमध्येच करून घ्यावी. प्लेटच्या दोन्ही बाजूंवर एकेक बारीक थर्मोकपल धरून, फरक स्थिर झाल्यावर, काहीही न जोडता व्होल्टेज मोजावे आणि नंतर डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने शॉर्ट सर्किटचा प्रवाह मोजावा. या दोहोंच्या गुणाकाराला चारने भागले की त्या तापमानफरकाला मिळणारी जास्तीत जास्त वीज कळते. वीस जोड्यांच्या प्लेटमध्ये, एका जोडीमागे ३०० मायक्रोव्होल्ट प्रति अंश धरून, ३९० अंशांच्या फरकाला २.३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. भार जोडल्यावर ते निम्मे होतील, म्हणून ट्रान्समीटरच्या आधी कमी व्होल्टेजवर सुरू होणारा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारे सर्किट) लागेल. व्होल्टेज बरोबर येऊन प्रवाह कमी आला तर दोष बहुधा जोडांत आहे असे समजावे. हीच दोन मोजमापे प्लेट पन्नासेक वेळा तापवून-गार करून पुन्हा घ्यावीत, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.